ताटलीएवढी जागा: हरणाच्या शिकारीसाठी रायफल, काडतूस आणि धनुष्य कसं निवडतात

पांढऱ्या शेपटीचं हरीण, अमेरिकेत ज्याला व्हाइटटेल म्हणतात ते, आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या किंचित मागे त्याचं हृदय आणि दोन्ही फुप्फुसं असतात. ही जागा वीस-पंचवीस सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे एका लहान ताटलीएवढी. हरणाच्या शिकारीसाठी कोणती रायफल, कोणती गोळी, कोणतं धनुष्य घ्यावं यावर शिकारी लोक रात्र रात्र भांडतात. त्या भांडणाचा गाळ काढला तर खाली दोनच प्रश्न उरतात. त्या ताटलीत तुम्हाला नेम लावता येतो का? आणि तिथे पोचलेली गोळी किंवा बाण पुढे काय करतो?

ज्या देशांत हरणांची शिकार परवाना काढून, ठरलेल्या हंगामात आणि ठरवून दिलेल्या संख्येतच करता येते, अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, डेन्मार्क वगैरे, तिथली ही गोष्ट. तिथे कायदाही याच दोन प्रश्नांभोवती फिरतो, हे पुढे दिसेलच.

आधी एक घोळ मिटवू. बोलताना आपण सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतो. दुकानात मिळतं ते काडतूस. त्याचे चार भाग: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत जळणारी दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. नळीतून बाहेर पडते ती फक्त गोळी. ‘कोणतं काडतूस?’ आणि ‘कोणती गोळी?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नवशिका पहिल्यावर महिनाभर डोकं खाजवतो आणि दुसऱ्यावर पाच मिनिटंही घालवत नाही. खरं तर उलट करायला हवं.

काडतुसांच्या नावांत तर्क शोधायला जाऊ नका. .३०८ विंचेस्टरमधला आकडा गोळीचा व्यास आहे, .३०८ इंच, म्हणजे ७.८२ मिलिमीटर. .३०-०६ मधला ‘०६’ म्हणजे १९०६ साल, त्या वर्षी अमेरिकन सैन्याने ते स्वीकारलं. .३०-३० मधला दुसरा तीस हा मूळ काडतुसातल्या दारूचं वजन सांगतो, ३० ग्रेन. .२७० च्या गोळीचा व्यास .२७० नसून .२७७ इंच आहे. आणि ६.५ क्रीडमूर हे नाव न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या एका जुन्या नेमबाजी मैदानावरून आलंय. नावं पाठ करायची आणि पुढे जायचं. ग्रेन मात्र लक्षात ठेवा, कारण गोळी, दारू आणि बाण यांचं वजन त्यातच मोजतात: एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. १५० ग्रेनची गोळी भरते पावणेदहा ग्रॅमला.

आता ताकद. गोळीची ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. .३०८ ची १५० ग्रेनची गोळी नळीतून साधारण ८६० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते, म्हणजे सुमारे ३,६०० ज्यूल. .२४३ ची १०० ग्रेनची गोळी ९०० मीटरने निघते, सुमारे २,६०० ज्यूल. जुनी .३०-३० वजनदार पण हळू, ७३० मीटरच्या आसपास, आणि तिचीही ऊर्जा जवळपास २,६०० ज्यूलच. तोंडाशी दोघी सारख्या. पण .३०-३० ची गोळी बोथट नाकाची असते, हवा तिला लवकर थकवते, आणि २०० मीटरवर पोचेपर्यंत तिची निम्म्याहून जास्त ऊर्जा संपलेली असते. म्हणून ऊर्जेचा आकडा विचारताना ‘कुठे?’ हेही विचारायचं.

जर्मनीच्या कायद्याने हेच नेमकं पकडलंय. तिथे लहानग्या रो हरणासाठी गोळीची ऊर्जा १०० मीटरवर किमान १,००० ज्यूल लागते. त्याहून मोठ्या जातींसाठी कॅलिबर, म्हणजे गोळीचा व्यास, किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवर किमान २,००० ज्यूल. इंग्लंडने १९९१ च्या कायद्यात नळीच्या तोंडाशी मोजायचं ठरवलं: किमान .२४० इंच कॅलिबर आणि १,७०० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे २,३०० ज्यूल. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ इंच कॅलिबर, ७० ग्रेनची फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड लागतात.

हे आकडे पाहून एक गैरसमज होतो, की मोठी गोळी हरणाला ‘उडवून पाडते’. सिनेमात पाडते. हिशेब करून बघा: पावणेदहा ग्रॅम गुणिले ८६० मीटर, हा संवेग सत्तर किलोच्या हरणाला पूर्णच्या पूर्ण दिला तरी हरीण सेकंदाला बारा सेंटिमीटरने सरकेल. शिवाय गोळीला जेवढा धक्का मिळतो तेवढाच उलट धक्का रायफलला मिळतो. हरीण उडायचं असतं तर मागे खांदा लावून बसलेला माणूसही उडाला असता. गोळी मारते ती फुप्फुसं आणि मोठ्या रक्तवाहिन्या फाडून. रक्तदाब कोसळतो, मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो, जनावर काही सेकंदांत बेशुद्ध पडतं. त्या काही सेकंदांत ते पन्नास-शंभर मीटर पळूही शकतं, गोळी अगदी बरोबर लागली असली तरी. ‘पळालं, म्हणजे कॅलिबर कमी पडलं’ हा निष्कर्ष म्हणून चुकीचा.

मग जास्त ताकद घेऊन बिघडतं काय? खांदा बिघडतो. .२४३ चा धक्का सौम्य, .३०८ चा सोसण्याजोगा, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या जास्त दारूच्या काडतुसाचा धक्का .२४३ च्या दुपटीहून अधिक. माणूस दोन-चार वेळा मार खाल्ल्यावर पुढच्या वेळी चाप ओढायच्या क्षणी नकळत डोळे मिटतो, खांदा आक्रसतो. नळीचं तोंड एवढंसं हलतं आणि शंभर मीटरवर ताटली चुकते. चुकली तर बरं, काठावर लागली तर जखमी जनावर रानात हरवतं. मग नाचता येईना अंगण वाकडं, या न्यायाने तो अजून मोठं काडतूस घेतो. माझं मत विचाराल तर पहिल्या रायफलसाठी .२४३ (१९५५), ७ मिमी-०८ (१९८०), ६.५ क्रीडमूर (२००७) किंवा .३०८ (१९५२) यांतलं जे काडतूस जवळपास सहज मिळतं आणि ज्याचा सराव परवडतो ते घ्यावं आणि वाद तिथेच थांबवावा. चौघांतला फरक हरणाला कळत नाही. अंगाने लहान किंवा धक्क्याला बिचकणाऱ्या माणसाने .२४३ कडे झुकावं. रेड डिअरसारखं दीड-दोनशे किलोचं जनावर असेल तर .३०८ किंवा .३०-०६ कडे.

आता तो दुर्लक्षित प्रश्न, गोळीचा.

सैन्याची गोळी पूर्ण तांब्याच्या कवचात असते. ती शरीरातून सुईसारखी आरपार जाते, छिद्र बारीक, रक्तस्राव कमी, आणि जनावर कित्येक किलोमीटर जाऊन तडफडत मरतं. म्हणून हरणाच्या शिकारीत ती बऱ्याच ठिकाणी बेकायदा. शिकारीची गोळी आत शिरल्यावर फुलायला हवी, अळंबीसारखी. नाकाशी शिसं उघडं ठेवलं की ते मऊ असल्याने धडकेने मागे वळतं, व्यास दीड-दोन पट होतो आणि जखम रुंद होते.

गंमत अशी की या कल्पनेचा एक मोठा टप्पा कोलकात्याजवळच्या डमडमच्या शस्त्रनिर्माण कारखान्यात पार पडला. १८९५ च्या चित्राळ मोहिमेनंतर ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेची तक्रार होती की नवी .३०३ गोळी समोरच्याला थांबवत नाही. डमडममधल्या कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने कवचाचं टोक काढून शिसं उघडं ठेवलं. त्यावरून जगभर असल्या गोळीला ‘डमडम’ म्हणतात. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात अशा गोळ्यांवर बंदी घातली, कारण त्या माणसाला फार भयंकर जखम करतात. जे युद्धात क्रूर ठरलं तेच शिकारीत कायद्याने सक्तीचं झालं, आणि यात विसंगती नाही. युद्धात जखमी सैनिक बाहेर पडला तरी काम झालं. शिकारीत जखमी जनावर ही सगळ्यात वाईट गोष्ट.

पण फुलण्याचीही मर्यादा आहे. फार लवकर फुललेली गोळी खांद्याच्या हाडावरच फुटून विखुरते, आतपर्यंत पोचतच नाही. जॉन नोस्लर नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याला १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात हा अनुभव आला. मूस नावाचं प्रचंड हरीण समोर, अंगावर चिखलाचं वाळलेलं कवच, आणि त्याच्या वेगवान मॅग्नम काडतुसाच्या गोळ्या आत शिरण्याआधीच फुटत होत्या. घरी येऊन त्याने गोळीच्या मध्यात तांब्याची आडवी भिंत घातली. पुढचा अर्धा फुलतो, मागचा अर्धा शाबूत राहून आत जातो. १९४८ पासून ती ‘पार्टिशन’ नावाने विकली जाते.

आजच्या दुकानात ढोबळमानाने चार प्रकार दिसतील. साधी मऊ नाकाची गोळी, स्वस्त, आणि व्हाइटटेलसाठी शंभर वर्षं पुरलेली. प्लास्टिकच्या टोकाची, जी हवेत कमी थकते आणि पटकन फुलते. शिसं आणि कवच एकमेकांना चिकटवलेली ‘बाँडेड’, जी हाडावरही एकसंध राहते. आणि संपूर्ण तांब्याची. जवळून, वेगवान काडतुसाने मारायचं असेल तर पटकन फुलणारी गोळी मांसाचा चिखल करते, तिथे बाँडेड किंवा तांब्याची बरी. लांबून, वेग उतरल्यावर, उलट.

तांब्याच्या गोळीबद्दल थोडं जास्त, कारण वारा त्याच दिशेने वाहतोय. शिशाची गोळी फुलताना बारीक कण सोडते. हे कण जखमेपासून दूर मांसातही सापडतात आणि रानात टाकून दिलेल्या आतड्यांतही. ती आतडी गिधाडं खातात. कॅलिफोर्नियाच्या काँडोर गिधाडांची संख्या १९८२ मध्ये २२ वर आली होती. नंतर पैदास करून सोडलेल्या पक्ष्यांनाही सगळ्यात जास्त मारलं ते शिशाच्या विषबाधेनेच. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं पूर्ण बंद केलं, डेन्मार्कने एप्रिल २०२४ पासून रायफलच्या शिशाच्या गोळ्यांवर बंदी घातली. स्कॉटलंडने २०२३ मध्ये रेड डिअरसारख्या मोठ्या हरणांसाठी गोळीचं किमान वजन १०० ग्रेनवरून ८० वर आणलं.

हे शेवटचं वाचून ‘नियम सैल का केला?’ असं वाटेल. कारण घनतेत आहे. शिशाचा एक घनसेंटिमीटर ११.३ ग्रॅमचा, तांब्याचा ९ ग्रॅमचा. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि लांब गोळी स्थिर ठेवायला नळीतले आटे जास्त पिळाचे लागतात. जुन्या .२४३ रायफलींना १०० ग्रेनची तांब्याची गोळी नीट झेपत नाही. उलट तांबं फुटत नाही, जवळपास सगळं वजन टिकवून आत जातं, म्हणून कमी वजनाची गोळीही पुरते. शिशावरून तांब्यावर येताना एक पायरी हलकी गोळी घ्यायची, हा सल्ला इथून आला. आणि तांब्याला फुलायला वेग लागतो, तेव्हा लांब पल्ल्याला जरा सांभाळून.

एकच काळजी सगळ्यांत मोठी: तुमच्या रायफलला कोणती गोळी आवडते ते तिलाच विचारावं लागतं. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली एकाच काडतुसाला वेगवेगळी वागणूक देतात. तीन-चार प्रकारची एकेक पेटी आणून कागदावर मारायची, ज्याची भोकं जवळजवळ पडतात ते काडतूस ठरवायचं आणि मग त्याच पेटीचा साठा करायचा.

रायफलच्या यंत्रणेवर मी फार वेळ घालवणार नाही. बोल्ट ॲक्शन घ्या, म्हणजे हाताने दांडा मागेपुढे करून काडतूस भरायची. १८९८ च्या जर्मन माउझरपासून मूळ रचना फारशी बदललेली नाही, ती साधी, अचूक, साफ करायला सोपी, आणि बोल्ट उघडला की रायफल सुरक्षित आहे हे चार माणसांना लांबूनही दिसतं. लिव्हर ॲक्शन, म्हणजे चापाजवळची तरफ खाली-वर करून भरायची, १८९४ च्या विंचेस्टरची जात, दाट झाडीत हाताला हलकी आणि जलद. तिच्या बहुतेक मॉडेलांत काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक बसतात, पुढच्याच्या प्रायमरला मागच्याचं नाक टेकून. तिथे टोकदार गोळी घातली तर धक्क्याने प्रायमर उडायचा धोका, म्हणून तिच्या गोळ्या चपट्या नाकाच्या असतात. .३०-३० लवकर का थकते, त्याचं उत्तर हे. आता मऊ रबरी टोकाच्या गोळ्या आल्यात, त्या चालतात. अर्धस्वयंचलित रायफली काही ठिकाणी शिकारीला चालतात, काही ठिकाणी नाही.

दस्ता अंगाला बसला पाहिजे. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग उघडा. दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला तर ठीक, काळी कड दिसली तर दस्ता लांब-आखूड आहे किंवा दुर्बीण चुकीच्या जागी आहे.

दुर्बिणीत लोक मोठेपणाच्या मागे लागतात. तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४० मिलिमीटरची, एवढी बहुतेक रानांना पुरते. जास्त मोठं केलं की दृश्य अरुंद होतं आणि समोरचं हरीण शोधता शोधता निघून जातं. हरणं बाहेर पडतात ती पहाटे आणि संध्याकाळी, म्हणून अंधूक उजेडात स्वच्छ दिसणं हे पटींपेक्षा महत्त्वाचं. एकूण पैशांतले रायफलवर थोडे कमी आणि दुर्बिणीवर थोडे जास्त घालणारा माणूस सहसा पस्तावत नाही.

मग झीरो करणं, म्हणजे दुर्बिणीची फुली आणि गोळीचं भोक एका ठरावीक अंतरावर जुळवणं. गोळी नळीतून निघाल्या क्षणापासून खाली पडत असते. नळी किंचित वर तोंड करून असते म्हणून ती आधी नजरेच्या रेषेच्या वर जाते आणि मग खाली येते. .३०८ ची १५० ग्रेनची गोळी २०० मीटरवर जुळवली तर १०० मीटरवर साधारण पाच सेंटिमीटर वर लागते आणि ३०० मीटरवर वीस-पंचवीस सेंटिमीटर खाली. ताटलीची त्रिज्या आठवा. दोनशे मीटरपर्यंत फुली छातीच्या मध्यावर ठेवून चाप ओढला तरी गोळी ताटलीत, तीनशेवर बाहेर. त्यात ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा असेल तर तीनशेवर आणखी वीस सेंटिमीटरच्या आसपास सरकलेली. तीनशे मीटरवरून मारणारे मारतात, पण त्यांनी शेकडो गोळ्यांचा सराव केलेला असतो. पूर्व अमेरिकेतल्या झाडीत शंभर मीटर मोकळी नजर मिळाली तरी नशीब.

अंतराचा विचार उलट बाजूनेही करावा लागतो. चुकलेली किंवा आरपार गेलेली रायफलची गोळी तीन किलोमीटरपेक्षा जास्त जाऊ शकते. म्हणून हरणामागे मातीचा चढ नसेल तर चाप ओढायचाच नाही, हा पहिला नियम. ओहायोसारख्या सपाट आणि वस्तीच्या राज्यांनी हरणासाठी लांब पल्ल्याची, मानेशी निमुळत्या पुंगळीची काडतुसं बंदच ठेवली आहेत. तिथे शॉटगनची एकगोळी काडतुसं किंवा सरळ पुंगळीची रायफल काडतुसं चालतात. .३५० लिजेंड हे २०१९ साली अशाच राज्यांसाठी बाजारात आलं. म्हणजे ‘उत्तम काडतूस कोणतं?’ याचं पहिलं उत्तर नेहमी नियमपुस्तिकेत.

धनुष्याकडे येताना रायफलचं गणित बाहेर ठेवून यावं लागतं. २६ ग्रॅमचा बाण ८५ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा ९४ ज्यूल. .३०८ च्या जेमतेम अडतिसाव्या भागाएवढी. तरी तो बाण हरणाच्या छातीतून आरपार जाऊन पलीकडच्या मातीत रुततो. कारण बाण धडकत नाही, कापतो. वस्तऱ्यासारखी पाती आणि त्यांच्यामागे लांब, जड दांडी. धार असेल तर ९४ ज्यूल भरपूर, धार गेली असेल तर दुप्पटही कमी.

अमेरिकेत आधुनिक धनुर्शिकार रुजली ती बरीचशी इशी नावाच्या माणसामुळे. ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा हा शेवटचा माणूस १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलला एकटाच बाहेर आला. त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य बनवायला आणि रानात शांत बसायला शिकला. १९३४ मध्ये विस्कॉन्सिनने हरणासाठी धनुष्याचा हंगाम सुरू केला. ब्रिटन आणि जर्मनीत मात्र धनुष्याने हरीण मारणं बेकायदा आहे, फ्रान्स आणि डेन्मार्कमध्ये वेगळी परीक्षा वा परवानगी घेऊन चालतं.

धनुष्यं तीन. लाँगबो आणि टोकं पुढे वळलेलं रिकर्व्ह ही साधी, जेवढं ओढाल तेवढं जड होत जाणारी. कंपाउंड म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं. मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलनने १९६६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळालं. ही चाकं लंबवर्तुळाकार किंवा विचित्र आकाराची असतात, त्यामुळे मध्यावर पूर्ण जोर लागतो आणि शेवटी एकदम सैल पडतो. ऐंशी टक्के सैल पडणारं साठ पाउंडांचं धनुष्य पूर्ण ओढल्यावर बोटांवर फक्त बारा पाउंड, साडेपाच किलो भरतं. हरीण झाडामागून बाहेर यायची वाट बघत मिनिटभर ओढून धरता येतं. रिकर्व्ह असं धरलं तर हात थरथरायला लागतात. रिकर्व्हचं सौंदर्य मला मान्य आहे, पण वर्षभर रोज सराव करणार नसाल तर हरणाच्या भल्यासाठी कंपाउंड घ्या.

कंपाउंड अंगाला मापून घ्यावं लागतं, बुटासारखं. दोन्ही हात पसरून मधल्या बोटापासून मधल्या बोटापर्यंतचं अंतर इंचांत घ्या आणि अडीचने भागा. साधारण तीच तुमची ओढीची लांबी. ७० इंच हात पसरत असतील तर २८. दुसऱ्याचं धनुष्य उसनं आणून शिकणारे इथेच फसतात.

ओढीच्या वजनाचा, म्हणजे धनुष्य ओढायला लागणाऱ्या जोराचा, हट्ट धरू नका. अनेक राज्यं हरणासाठी ३५ ते ४० पाउंड किमान मागतात, आणि ५० पाउंडांचं नीट जुळवलेलं आधुनिक कंपाउंड व्हाइटटेलला पुरून उरतं. कसोटी अशी: जमिनीवर बसा, पाय पुढे सोडा, धनुष्य सरळ समोर धरा आणि आकाशाकडे न वळवता एका हालचालीत ओढा. वर फेकून झटक्याने ओढावं लागत असेल तर ते तुमच्यासाठी जड आहे. थंडीत, चार तास मचाणावर आखडून बसल्यावर आणखी जड होईल.

बाण निवडताना पहिला आकडा ताठरपणाचा, त्याला स्पाइन म्हणतात. बाण २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून मध्यावर ८८० ग्रॅम वजन टांगतात. अर्धा इंच वाकला तर तो ५०० स्पाइनचा. ३४० चा बाण कमी वाकतो, म्हणजे जास्त ताठ. आकडा लहान तेवढा ताठ, हे उलटं असल्याने पहिल्यांदा सगळे गोंधळतात. सुटताना बाण दोरीच्या धक्क्याने सापासारखा वळतो. ओढीच्या मानाने फार लवचीक असेल तर सरळच होत नाही, आणि फार मऊ बाण जड धनुष्यावर फुटून हातात घुसू शकतो. निर्मात्याच्या तक्त्यात ओढीचं वजन, बाणाची लांबी आणि टोकाचं वजन घालून स्पाइन काढायचा.

वजनही तक्त्यात बघा. ओढीच्या प्रत्येक पाउंडामागे किमान पाच ग्रेन, ही खालची मर्यादा. त्याहून हलका बाण म्हणजे जवळजवळ रिकामं धनुष्य सोडण्यासारखं: ऊर्जा बाणात न जाता धनुष्यातच राहते आणि ते तडकतं. शिकारीसाठी सात-आठ ग्रेन प्रतिपाउंड मला योग्य वाटतं. थोडा हळू जातो, पण शांत सुटतो आणि खोल जातो.

शांत का हवा, याचा हिशेब सुंदर आहे. दोरीचा आवाज ३४३ मीटर प्रतिसेकंदाने जातो, बाण ८५ ने. हरीण आवाज ऐकून पळायला म्हणून पाय दुमडतं, म्हणजे आधी खाली बसतं. त्याला प्रतिक्रियेला एक दशांश सेकंद लागतो असं धरू. वीस मीटरवर आवाज पोचल्यानंतर बाण पोचायला ०.१८ सेकंद उरतात, प्रतिक्रिया वजा जाता ०.०८. तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने शरीर तीन सेंटिमीटर खाली येतं. चाळीस मीटरवर ०.३५ उरतात, वजा जाता पाव सेकंद, आणि पाव सेकंदात तीस सेंटिमीटर. अंतर दुप्पट, घसरण दहापट. ताटली बाणाच्या खालून निघून गेली. बाणाचा वेग शंभर मीटर केला तरी चाळीस मीटरवर सोळा सेंटिमीटरची घसरण उरतेच, ताटलीच्या त्रिज्येहून जास्त. कागदाचं लक्ष्य साठ मीटरवर फोडणारा तिरंदाजही म्हणून हरणावर तीस मीटरच्या आत बाण सोडतो.

टोक: स्थिर पात्यांचं किंवा लागल्यावर उघडणारं. उघडणारं हवेत सरावाच्या टोकासारखं सरळ जातं आणि मोठं कापतं, पण उघडण्यात ऊर्जा खर्च करतं. पन्नास पाउंडांच्या आत असाल तर स्थिर दोन किंवा तीन पात्यांचं घ्या. अनेक राज्यांत किमान रुंदी सात-अष्टमांश इंच, म्हणजे २२ मिलिमीटर. मागे वळलेल्या काट्यांची टोकं बहुतेक ठिकाणी बंद आहेत. स्थिर पात्यांवर हवा अडते, म्हणून सरावाची टोकं जिथे लागतात तिथेच ही लागतील असं गृहीत धरू नका. हंगामाआधी प्रत्यक्ष त्याच टोकांनी मारून बघा, आणि नंतर पाती बदला. एकदा वाळूत घुसलेलं पातं पुन्हा शिकारीला नेऊ नये.

क्रॉसबोला दस्ता असतो, चाप असतो, वर दुर्बीणही असते, त्यामुळे ती रायफलची चुलत बहीण वाटते. ती बाणच सोडते. ओढलेली धरून ठेवायचा त्रास नाही, खांद्याच्या दुखण्याने धनुष्य सुटलेल्यांना ती वरदान आहे, पण वरचा वीस आणि चाळीस मीटरचा हिशेब तिलाही लागू आहे, आणि आवाज तर तिचा जास्तच.

बाणासाठी कोनही अरुंद. आडवं उभं किंवा किंचित पाठमोरं हरीण, एवढेच दोन. समोरून, खांद्याच्या हाडावर बाण सोडायचा नाही. बाण लागल्यावर हरीण दिसेनासं झालं तरी उठायचं नाही, निदान अर्धा तास जागेवर बसायचं. पोटात लागल्याची शंका असेल तर कित्येक तास. लगेच माग काढत गेलात तर आडोशाला जाऊन पडलेलं जनावर उठून आणखी दोन किलोमीटर जातं.

आणि खरेदीनंतरची परीक्षा. कागदाच्या ताटल्या घ्या, वीस सेंटिमीटरच्या. मैदानावरच्या टेबलावर टेकून नाही, तर जसे रानात बसाल तसे, गुडघ्यावर, झाडाला टेकून, जाड कोट घालून. थोडं पळून या म्हणजे छाती धडधडत असेल. मग प्रत्येक अंतरावर पाच वेळा मारा. पाचही ताटलीत बसली तर पाच-दहा मीटर मागे सरका. एक बाहेर गेली की त्याआधीचं अंतर वहीत लिहून ठेवा, रायफलचं वेगळं, धनुष्याचं वेगळं. पुढच्या वर्षी हंगामाआधी पुन्हा मारा आणि आकडा बदलला असेल तर खोडून नवा लिहा.